आठ मिलिमीटरचं बोलोन्या

इटलीत ठरल्या मिनिटाला सुरू होऊन ठरल्या मिनिटाला संपणारी एक गोष्ट मी पाहिली. रेल्वेचा संप. सकाळी ९ वाजून १ मिनिटाने सुरू, दुपारी ४ वाजून ५९ मिनिटांनी समाप्त, असं बोलोन्या स्टेशनातल्या सूचनेत स्वच्छ छापलं होतं. या एका मिनिटामागे कायदा आहे. तिकडे संप करायचा तर किमान दहा दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि संपाच्या दिवशीही सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात नोकरदारांच्या ठरावीक गाड्या सोडाव्याच लागतात. म्हणजे चाकरमान्याने वेळेवर कामावर जायचं, वेळेवर घरी यायचं, मधल्या वेळात क्रांती. येणाऱ्या संपांची तारीखवार यादी वाहतूक मंत्रालय स्वतःच जाहीर करतं. त्या यादीत शुक्रवार जरा जास्त दिसतात. शनिवार-रविवार जोडून येतात हा निव्वळ योगायोग समजावा.

ही सगळी माहिती मला पुढे दिवसभरात मिळाली. त्या शुक्रवारी सकाळी माझ्याजवळ होती फक्त पाठीवरची सॅक आणि शेजारी मेव्हणा.

मेव्हण्याबद्दल आधी सांगायला हवं. तो माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. निघताना बायकोने मला बाजूला घेऊन सांगितलं, "माझ्या भावाकडे लक्ष ठेवा, तो वेंधळा आहे." नंतर तिने त्यालाही बाजूला घेतलं आणि म्हणाली, "दाजींना सांभाळ, त्यांना काही कळत नाही." त्यामुळे सबंध इटलीभर आम्ही दोघं एकमेकांचे पालक म्हणून फिरत होतो. बॅकपॅकिंग ही त्याची कल्पना. पाठीवर सॅक टाकायची आणि वारा नेईल तिकडे जायचं, असं तो म्हणाला होता. वारा कुठे नेणार हे त्याने एक्सेलमध्ये भरून ठेवलं होतं. प्रत्येक अर्ध्या तासाला एक ओळ, पाहून झालेल्या ठिकाणाला हिरवा रंग, राहिलेल्याला लाल. व्हेनिस हिरवं झालं होतं. फ्लॉरेन्सच्या ओळीत दुपारी साडेतीनला डेव्हिडचा पुतळा होता, तिकिटासकट.

बोलोन्या त्या तक्त्यात नव्हतंच. होतं ते 'गाडी बदलणे, २२ मि.' एवढंच. साहजिक आहे. उत्तर इटलीच्या नकाशावर बोलोन्या म्हणजे भुसावळ. व्हेनिसहून या, मिलानहून या, फ्लॉरेन्सला जा, रोमला जा, गाडी इथून जाणार. सगळ्यांना ठाऊक, सगळे इथून गेलेले, आणि उतरलेलं कोणी नाही.

आम्ही उतरलो. संप सुरू झाला तेव्हा आमची गाडी वाटेत होती, पण तासाभरात मुक्कामाला पोचू शकणारी गाडी मध्येच सोडायची नाही, असा तिथला दंडक आहे. त्यामुळे संपकऱ्यांनी आम्हाला सौजन्याने बोलोन्यापर्यंत आणून मग हात वर केले. फलकावर आमच्या पुढच्या गाडीसमोर लाल अक्षरं उमटली. मेव्हणा त्या फलकाकडे डोळे फाडून बघत राहिला. लाल रंग लावायचा अधिकार आजवर फक्त त्याला होता.

"दाजी, डेव्हिडचं तिकीट नॉन-रिफंडेबल आहे."

"अरे, तो १५०४ पासून उभा आहे. अजून एक दिवस उभा राहील."

हे बोलणं त्याला आवडलं नाही. वैतागून तो स्टेशनबाहेर आला आणि वर बोट दाखवून म्हणाला, "बघा! घड्याळसुद्धा बंद आहे यांचं. सव्वादहा वाजून गेलेत म्हणे." घड्याळात १० वाजून २५ मिनिटं झाली होती. खरी वेळ साडेनऊची. त्या थांबलेल्या घड्याळाची गोष्ट मी वाचलेली होती, म्हणून त्याला आत प्रतीक्षालयात घेऊन गेलो. २ ऑगस्ट १९८० रोजी सकाळी १० वाजून २५ मिनिटांनी तिथे बॉम्ब फुटला, ८५ माणसं गेली, दोनशेच्या वर जखमी झाली. सुट्टीचा पहिला शनिवार, स्टेशन भरलेलं. प्रतीक्षालय पुन्हा बांधलं, पण भिंतीतली चीर तशीच ठेवली आहे, शेजारी दगडावर सगळी नावं आणि नावांपुढे वयं. मेव्हणा वयं वाचत गेला. तीन वर्षांच्या मुलीपाशी थांबला. नंतर दिवसभरात त्याने कुठल्याही घड्याळाबद्दल तक्रार केली नाही.

बाहेर पाऊस लागला होता. मेव्हण्याने सॅकमधून दोन पोंचो काढले. निघण्यापूर्वी तीन दुकानं फिरून घेतलेले, वॉटरप्रूफ, हेल्मेटवरूनही घालता येणारे. आम्ही ते घातले आणि शहराकडे चालू लागलो, आणि लक्षात आलं की आमच्या अंगावर पाऊस पडतच नाही. स्टेशनसमोरच्या रस्त्याने निघालो ते गावाच्या मधोमध असलेल्या चौकापर्यंत डोक्यावर छप्पर. दोन्ही बाजूंनी खांब, कमानी, वर लोकांची घरं, खाली पायवाट. याला पोर्तिको म्हणतात. बोलोन्यात असे सगळे मिळून ६२ किलोमीटर पोर्तिको आहेत आणि २०२१ पासून ते युनेस्कोच्या यादीत आहेत. बाया शांतपणे खरेदी करत होत्या, कुत्री कोरडी होती, आणि त्या सगळ्यांतून लिंबू रंगाचे पोंचो घातलेली दोन माणसं चालली होती.

या कमानींचा इतिहास मला फार आवडला, कारण तो अतिक्रमणाचा आहे. मध्ययुगात विद्यापीठामुळे गावात माणसं वाढली, जागा पुरेना. घरमालकांनी वरचा मजला हळूच रस्त्यावर पुढे काढला. मग आणखी पुढे. खाली पडू नये म्हणून खांब लावला. दुसऱ्या कुठल्याही नगरपालिकेने नोटीस बजावली असती, मग स्थगिती, मग तारखा. बोलोन्याने १२८८ साली उलटाच कायदा केला: प्रत्येक घराला पोर्तिको हवाच, त्याचा खर्च मालकाने करायचा, खालून चालायचा हक्क जनतेचा, आणि उंची किमान सात बोलोन्याई फूट, म्हणजे २.६६ मीटर. घोड्यावर बसलेल्या माणसाचं डोकं आपटू नये म्हणून. सातशे वर्षांपूर्वीच्या घोडेस्वाराची ही काळजी माझ्या सॅकच्याही कामी आली. तिच्या वर मेव्हण्याने गुंडाळलेली चटई बांधली होती.

वाटेत एका बांगलादेशी माणसाचं किराणा दुकान लागलं. मेव्हणा आत शिरला आणि पाच मिनिटांत पारले बिस्किटांचा पुडा घेऊन बाहेर आला. चेहऱ्यावर थोडा रंग परतला होता. दुकानदार हिंदी सिनेमातून शिकलेली सुंदर हिंदी बोलत होता. त्यानेच आम्हाला शुक्रवारचं रहस्य सांगितलं. "हड़ताल को बुरा मत मानना भाईसाब, आज नहीं होती तो आप मेरी दुकान में आते क्या?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. राहायचं कुठे, हेही त्यानेच सांगितलं आणि वर म्हणाला, की गावात कसलं तरी मोठं प्रदर्शन चालू आहे, खोली मिळणार नाही, 'बिस्तर' मिळेल.

दुपारी भूक लागली आणि इथून खरं बोलोन्या सुरू झालं. हॉटेलात बसलो. मेनू कार्डावर नजर फिरवून मेव्हण्याने आत्मविश्वासाने ऑर्डर दिली: "स्पॅगेटी बोलोनेझ, विदाउट मीट." वेटर साठीचा होता. त्याने वही मिटली. पेन खिशात ठेवलं. खुर्ची ओढून बसतो की काय असं वाटलं. एका वाक्यात मेव्हण्याने दोन गुन्हे केले होते. जगभर बोलोन्याच्या नावाने विकली जाणारी ही डिश बोलोन्यात मिळत नाही. २०१९ मध्ये तर इथल्या महापौरांनी, विर्जिनियो मेरोला यांनी, परदेशात कुठे हा पदार्थ दिसला तर फोटो काढून पाठवा, असं लोकांना आवाहन केलं होतं. त्यांच्याकडे फोटोंचा ढीग जमला म्हणतात.

इथे रागू, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेला खिमा, हा टाल्यातेल्लेबरोबरच खायचा. टाल्यातेल्ले म्हणजे मैदा आणि अंड्याच्या लाटलेल्या पोळीच्या चपट्या पट्ट्या. किती रुंद? इथे माझ्यातला नागरिक जागा झाला. १६ एप्रिल १९७२ रोजी बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये टाल्यातेल्लेचं माप नोटरीसमोर रीतसर नोंदवण्यात आलं. शिजल्यावर रुंदी आठ मिलिमीटर. नुसतं आठ मिलिमीटर म्हटलं तर उद्या कोणी पट्टीत खोट काढेल, म्हणून पुढे खुलासा आहे: गावातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग. मनोरा ९७ मीटर. मेव्हण्याने मोबाइलवर भागाकार केला. ७.९ आलं. तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "दाजी, ही आपली माणसं आहेत." शिवाय त्या मापाची एक सोन्याची पट्टी काचेच्या पेटीत ठेवलेली आहे. रागूची कृतीही १७ ऑक्टोबर १९८२ रोजी तिथेच दाखल झाली. २०२३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती नोंदवली. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव चढायला जेवढी वर्षं लागतात तेवढ्यात त्यांनी खिमा अद्ययावत केला.

मी काय मागवलं ते इथे लिहीत नाही, हा अंक घरी येतो. मेव्हणा अंड्यापर्यंतचा शाकाहारी. त्याच्यासाठी वेटरने स्वतःच टोर्तेल्लोनी ठरवले. आत रिकोटा चीज, वर लोणी आणि सेज नावाची पानं. पिवळ्याधमक पोळीची चौकट कापून, त्रिकोण दुमडून, दोन टोकं बोटाभोवती जुळवलेली. लोणी तांबूस होईपर्यंत तापवलेलं, पानं कुरकुरीत. मेव्हणा पहिला घास घेऊन गप्प झाला. तो गप्प झाला की मला काळजी वाटते. वेटरने वर पार्मेजानोचा किस भुरभुरला आणि माहिती पुरवली, की अस्सल पार्मेजानोत वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, दुसरं काही चालत नाही. काटा हवेत थांबला. मेव्हण्याने बशीकडे पाहिलं, वेटरकडे पाहिलं, खिडकीबाहेरच्या पावसाकडे पाहिलं.

"आज संप आहे ना?" तो म्हणाला. "मग माझेही नियम संपावर." आणि बशी पुसून खाल्ली.

बिलात 'कोपेर्तो' नावाची एक रक्कम होती. माणशी काही युरो, टेबलावर बसल्याबद्दल. एरवी मेव्हण्याने यावर मॅनेजरला बोलावलं असतं. आज म्हणाला, "ठीक आहे, बसलो होतो खरे."

बाहेर मोठ्या चौकात सान पेत्रोनिओचं चर्च आहे. १३९० साली बांधायला घेतलं. दर्शनी भागाला खालच्या अर्ध्या भिंतीपर्यंत पांढरा-गुलाबी संगमरवर आहे आणि वर नुसत्या विटा. काम अपुरं आहे. सहाशे वर्षांहून अधिक काळ झाला, कोणाला घाई दिसत नाही. पायऱ्यांवर पोरं पिझ्झा खात बसलेली. पट्टीच्या रुंदीला नोटरी आणि देवाच्या दाराला विटा, असा या गावाचा हिशेब आहे, आणि तो मला मनापासून पटला. तिकडे आसिनेल्लीच्या शेजारी गारिसेंडा नावाचा दुसरा मनोरा आहे, ४८ मीटरचा. तो कललेला आहे आणि पूर्वीपासूनच कललेला आहे; दान्तेने 'इन्फर्नो'त त्याचा उल्लेख केलाय. चौदाव्या शतकात भीतीपोटी त्याचा वरचा भाग उतरवून घेतला. नंतर लोक त्याच्या सावलीत कॉफी पीत राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये उपकरणांनी धोका दाखवला तेव्हा कुठे भोवती कठडे उभे राहिले. आसिनेल्लीही बंद. त्याच्या ४९८ पायऱ्या चढायच्या राहिल्या, याचं दुःख मी जाहीरपणे केलं. गुडघ्यांनी केलं नाही.

पोदेस्ता नावाच्या वाड्याखाली एक कमानदार छत आहे. चार कोपऱ्यांत चार खांब. एका खांबाशी तोंड लावून कुजबुजलं की समोरच्या तिरक्या कोपऱ्यात ऐकू येतं. तिथे गेलो तर चांगली मोठी माणसं भिंतीकडे तोंड करून उभी, आणि भिंतीला 'आय लव्ह यू' म्हणत होती. मेव्हण्याने मला एका कोपऱ्यात उभं केलं. सॅकसकट. दगड गार होता, कुबट वास येत होता. थोड्या वेळाने भिंत मराठीत बोलली: "दाजी, ताईला तिकिटाचं सांगू नका हं." मी उलट कुजबुजलो, "आणि तू तिला मी काय खाल्लं ते सांगू नकोस." एवढा स्वच्छ करार आमच्यात आजवर झाला नव्हता. मागे उभी असलेली एक जपानी बाई टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं असावं, प्रेमाचं काही चाललंय.

विद्यापीठाच्या बाजूला फिरताना एक पोरगी दिसली. डोक्यावर लाल फितीची, तेजपत्त्यासारख्या पानांची माळ, अंगावर कोंबडीचा पोशाख, हातात शॅम्पेनसारख्या वाइनची बाटली. भोवती मित्रमंडळी ओरडून गाणं म्हणत होती आणि मधोमध तिची आजी टाळ्यांनी ठेका धरून उभी होती. पदवी मिळाली की इथे मित्र अशी धिंड काढतात. गाण्याचे शब्द आजीसमोर म्हणण्यासारखे नसतात, असं पुढे कळलं. आजी मात्र सगळ्यात मोठ्याने म्हणत होती. हे विद्यापीठ १०८८ सालचं मानतात, युरोपातलं सगळ्यात जुनं. कोपर्निकस इथे शिकून गेला. लॉरा बास्सी या बाईंना १७३२ साली इथे प्राध्यापकपद मिळालं, तेव्हा युरोपात दुसरीकडे बायकांना वर्गात बसायचीही चोरी होती. पदवीआधी आसिनेल्ली चढलं तर पदवी मिळत नाही, अशी पोरांची श्रद्धा आहे. नऊशे वर्षं विज्ञान शिकवूनही ती टिकली, हे कौतुकास्पद आहे.

४ वाजून ५९ मिनिटांनी संप संपला. ठरल्याप्रमाणे, मिनिटाला मिनिट. मेव्हण्याच्या मोबाइलवर फ्लॉरेन्सची गाडी हिरवी दिसू लागली. मी सॅकचे पट्टे आवळले. पण त्या वेळी आम्ही ओस्तेरिया देल सोलेच्या दारात उभे होतो. १४६५ पासून चालू असलेला हा गुत्ता एका बोळात आहे आणि त्याचा नियम असा, की दारू आमची, खाणं तुमचं. बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास मनाई, ही पाटी वाचत मोठ्या झालेल्या मराठी माणसाला हा धक्का पचवायला वेळ लागतो. आत लांब लाकडी बाकं, लोक पिशव्यांतून पाव, मोर्तादेल्ला नावाच्या सॉसेजचे कागदाइतके पातळ काप, चीज काढून बसलेले. मेव्हण्याने मोबाइल खिशात टाकला, सॅक उघडली आणि तळातून बाकरवडीचा पुडा काढला.

पुडा अर्धा चुरा झाला होता. शेजारच्या म्हाताऱ्याने एक अख्खी बाकरवडी निवडली, दिव्याकडे धरून तिच्या वेटोळ्याचा छेद बघितला, वास घेतला, अर्धी चावली. मग बराच वेळ चावत राहिला. खसखस ओळखली. तीळ ओळखले. धण्यांपाशी अडला. पोळी लाटून गुंडाळली की गुंडाळून लाटली, असं त्याने हातांनी विचारलं. मेव्हण्याने हातांनीच उत्तर दिलं. समोरच्या दोघांना ते पटलं नाही. त्यांनी एकेक उचलली. तिघांत वाद लागला, आवाज चढले, आणि आम्ही दोघं एकही शब्द न कळता लाल, फेसाळ लाम्ब्रुस्को पीत बसलो. शेवटी म्हाताऱ्याने मोडक्या इंग्रजीत विचारलं, "जाडी किती? नोंद आहे?"

नोंद नव्हती. मेव्हणा ओशाळला. त्याने खिशातून पेन काढलं आणि पुड्याच्या मागे काहीतरी लिहून घेतलं.

त्या रात्री आम्ही एका वसतिगृहात बारा जणांच्या खोलीत झोपलो. मला वरची बर्थ आली. शिडी होती, पण ती पंचविशीच्या माणसांसाठी होती. खालून मेव्हण्याचा आवाज आला, "दाजी, फ्लॉरेन्सला एक दिवस कमी केला तर? सकाळी इथल्या मंडईत मोर्तादेल्ला बघून जाऊ. मी फक्त बघणार." मोबाइलच्या उजेडात तो तक्त्यात एक नवी ओळ घालत होता आणि तिला रंग कुठला द्यावा हे त्याला सुचत नव्हतं.

तर इटलीला निघाला असाल आणि शुक्रवारी गाडी असेल, तर आधी संपांची यादी बघून ठेवा. फ्लॉरेन्सची गाडी रद्द झाली तर फलाटावर बसून राहू नका. सामान ठेवा, छत्री न घेता गावात जा, टाल्यातेल्ले मागवा. आणि काही झालं तरी स्पॅगेटी मागू नका. तिकडचा महापौर फोटो मागवून घेतो.